नाव तेवढं

छातीवरच्या काळ्या पाटीवर लिहिलंय, एल्डर उबाळे.
एल्डर म्हणजे ज्येष्ठ.
वय वर्षं वीस, मुक्काम मूळचा मिरज,
दाढी आठवड्यातून दोनदा केली तरी भागेल अशी,
पण करतो रोज. नियम आहे.

साडेसहाला उठायचं, हाही नियम.
जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हा मोठा नियम.
एल्डर यलमंचिली, राजमहेंद्रीचा.
त्याचं आडनाव कोपरखैरण्यात अजून कुणाला
एका दमात जमलेलं नाही.
वॉचमन मंचुरियन म्हणतो. तो हसतो.
पण पोहे करताना मोहरी तडतडायच्या आत
कांदा टाकतो,
आणि यावरून आमचं रोज वाजतं.
मिटवल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.
हा नियम नाही. दार एकच आहे.

दारं आम्ही ठोठावत नाही.
कुणी बोलावलं तरच जातो.
कुणीच बोलावत नाही, असे दिवस पुष्कळ.
मग सेक्टर पाचच्या पुढे सहा शोधत
अठरामध्ये निघतो,
आणि पांढरे शर्ट पाठीवर नकाशे काढतात.

विचारेकाकांनी हाक मारली ती जिन्यातून.
"पाण्याचं मशीन विकता का रे?"
नाही म्हटलं.
"मग मोकळेच आहात. हे तांदूळ चौथ्यावर न्या."
तीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या वाहिलेला माणूस
कठड्याला धरून खालून ओरडत होता,
"मानेनं नाही रे, मानेनं नाही!
श्वास सोड, मग उचल!"

वर गेल्यावर काकू म्हणाल्या, चहा टाकते.
नको काकू.
दुसऱ्यांदा सिलिंडर. नको काकू.
तिसऱ्यांदा नुसतंच गेलो होतो. नको.
त्यांनी आत जाऊन पातेलं जरा जोरात ठेवलं.
ज्या घरात चहा नको म्हणणं म्हणजे
तुमचा उंबरा नको म्हणणं,
तिथं मी देवाची गोष्ट कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

चौथ्यांदा कप समोर आले. दूध, आलं, साखर,
आणि खिडकीतल्या डब्यातून कापलेली हिरवी पात.
"गवती चहा," काका म्हणाले.
"नाव चहा, आत चहा नाही.
तुमच्या देवाला चालेल ना?
तुमचंही तसंच की. ज्येष्ठ म्हणे!"
यलमंचिलीला विनोद कळायला अर्धा मिनिट लागलं.
मग तो इतका हसला
की त्याच्या टायवर सांडलं.

आमचा धर्म काकांनी ऐकून घेतला
आणि बाजूला ठेवला,
दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा, जपून.

काकूंचं आठवड्याला तीनदा डायलिसिस.
त्या बुधवारी रिक्षा यायला वेळ होता.
चपला घालून खुर्चीत बसलेल्या, मांडीवर फाइल.
म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते काय असतं, ते म्हणा.
इंग्रजीतून नको."

प्रार्थना मी सभेत इंग्रजीत करतो,
शब्द इस्त्री केलेले असतात.
मराठीत तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्यात
देव 'तू' झाला.
मिरजेत झोपताना आई ज्याला म्हणायची, तो तू.
यांच्या हाताला सुई टोचते, तू बघ, म्हटलं.
यांना खूप तहान लागते आणि पाणी मोजून असतं,
तू बघ.
पुढचं नीट जमलं नाही.

काकू आमेन म्हणाल्या नाहीत.
"बरं," म्हणाल्या,
आणि फाइल माझ्या हातात दिली.

रात्री फोनवर आठवड्याचा हिशेब भरताना
यलमंचिलीनं विचारलं, बुधवारी काय लिहू?
मी म्हटलं, शून्य लिही.
त्यानं लिहिलं, आणि दिवा घालवला. साडेदहा.

सोमवारी कॉलर घासताना आईचा फोन आला.
जेवतोस ना, बारीक दिसतोस, सगळं विचारून झालं.
तिला एवढंच सांगितलं,
गॅलरीतल्या डब्यात
गवती चहाचा एक ठोंब लावलाय.
अजून धरला नाहीये. बघू.